पाणी वर चढेना!

'सॅटिस्फॅक्टरी' हा कारखाना उभारायचा गेम खेळत असाल, तर कोळशाच्या विजेपर्यंत तुमचं मस्त चाललेलं असतं. बेल्ट टाकला की माल पळतो. मग पाइप येतात आणि खरी मजा सुरू होते. बेल्टवरचं लोखंड सांगाल तिकडे जातं, पाण्याचं तसं नाही.

आधी हिशेब. कोळशाचा एक जनरेटर मिनिटाला ४५ घनमीटर पाणी पितो आणि पाण्यात बसवलेला एक एक्स्ट्रॅक्टर १२० उपसतो. म्हणजे तीन एक्स्ट्रॅक्टरवर आठ जनरेटर, ३६० ला ३६०. एकदम परफेक्ट! पण सुरुवातीच्या पाइपातून मिनिटाला जास्तीत जास्त ३०० घनमीटरच जातं. तिन्हींचं पाणी एकाच तोंडातून कोंबलंत, तर कुणीतरी तहानलेलं राहणारच. उपाय सोपा आहे: दोन एक्स्ट्रॅक्टर एका टोकाला, तिसरा दुसऱ्या टोकाला.

आता चढ. एक्स्ट्रॅक्टर स्वतःच्या जोरावर पाणी दहा मीटर चढवतो, त्यापुढे पंप लागतो. पहिला पंप २० मीटर चढवतो, पुढे मिळणारा ५०. इथे बहुतेक जण काय करतात? एकाला एक खेटून दोन पंप लावतात आणि ४० मीटरची वाट बघत बसतात. नाही होत हो! प्रत्येक पंपाची उंची तो जिथे बसलाय तिथून मोजली जाते. म्हणून पहिल्याचे वीस मीटर संपायच्या किंचित आधी दुसरा लावा. आणि एकदा पाणी वर पोचलं की पाइप खाली उतरवून लांबच्या इमारतीत न्या, तिथे ते विनापंप पुन्हा तेवढ्याच उंचीपर्यंत चढतं. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा, तोच प्रकार. (इथे तर टाकीही लागत नाही, उंच गेलेला भरलेला पाइप पुरतो.)

हे सगळं इतकं जपायचं कशाला? कारण पंप आणि एक्स्ट्रॅक्टर दोघंही विजेवर चालतात आणि वीज त्याच पाण्यावर. दोन जनरेटर कोरडे पडले, मागणी पुरवठ्याच्या वर गेली की फ्यूज उडतो आणि अख्खा कारखाना ठप्प. पाणी नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून पाणी नाही. बसा बोंबलत!

म्हणून पाण्याची लाइन पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. तीन बायोमास बर्नर म्हणजे ९० मेगावॅट. तीन एक्स्ट्रॅक्टरचे ६०, पहिल्या पंपाचे प्रत्येकी ४ आणि कोळशाच्या पहिल्या मायनरचे प्रत्येकी ५ त्यात आरामात बसतात. बर्नरमध्ये पाला-लाकूड भरत राहण्याचा वैताग आहेच. पण बाकीचा कारखाना अंधारात गेला, तरी जनरेटरपर्यंत पाणी येत राहील.