वुल्फक्वेस्ट: लांडगा होऊन जगायचं तर

कौंडण्यपूरसारख्या गावाच्या शिवारात रोह्यांचा (नीलगायींचा) कळप पाहिलेल्यांनी, असा कळप लांडग्याच्या नजरेने पाहायला, वुल्फक्वेस्ट हा संगणकावरचा गेम खेळायलाच हवा. एज्युवेब कंपनी आणि अमेरिकेतल्या मिनेसोटा प्राणिसंग्रहालयाने हा गेम २००७ मध्ये आणला. १९९५ साली कॅनडातून आणलेले लांडगे अमेरिकेतल्याच ज्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात सोडले, तिथेच तो घडतो.

आपण एकटा लांडगा. आधी जोडीदार शोधायचा, मग गुहा, मग पिल्लं. वासाची दृष्टी चालू केली की जमिनीवर रंगीत माग उमटतात आणि त्यावरून एल्क हरणांचा कळप गाठायचा. धडधाकट एल्कच्या मागे लागलात तर लाथ बसते, दम जातो, हाती काही लागत नाही. दुबळं जनावर हेरणं हीच खरी शिकार, आणि ते या गेमने फार छान दाखवलंय. पिल्लांना पोटातलं मांस ओकून भरवावं लागतं. तेवढ्यात गरुडाने झडप घातली तर एक पिल्लू कायमचं गेलं. मला हा भाग सगळ्यात आवडतो.

उणिवाही आहेत. शिकारीत चावा घेत राहणं पुढे पुढे एकसुरी होतं, आणि पडद्यावरच्या दम-तब्येत दाखवणाऱ्या पट्ट्या जंगलाचा भास मोडतात. शिवाय आपला माळरानावरचा भारतीय लांडगा यात नाही. तो अंगाने लहान, मेंढपाळांच्या वाटेवर जगणारा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. त्याच्यावर असा गेम व्हावा, ही मनापासूनची इच्छा.

नवी आवृत्ती विकत घ्यावी लागते. लॅपटॉप जुना असेल तर ग्राफिक्स आधीच कमी करून ठेवा.