विटांच्या हौदात गोल्डफिश

६ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट खोल हौदात सुमारे १,३५० लिटर पाणी मावते. नुसत्या पाण्याचेच वजन सव्वा टनाहून जास्त, तेव्हा गच्चीवर बांधण्याआधी इंजिनीअरला विचारा. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो. हौद दोन-तीनदा भरून, काही दिवस ठेवून रिकामा करावा. खरी घाई नडते ती पुढेच. माशांच्या शरीरातून सुटणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोनच मासे, तेही अर्धपोटी! डासांच्या अळ्या ते स्वतःच फस्त करतात. दुपारी सावली हवी आणि वर जाळी. खंड्या आणि ढोकरी दोघेही फुकटच्या जेवणावर टपलेले असतात.