साठ म्हटलं, आठ ऐकलं

‘किती झाले रे औषधाचे?’ ‘साठ.’ आजोबा पाकिटातून आठ रुपये काढतात. नातू ओरडून सांगतो, तरी आठच. ‘ऐकू येतंय रे, पण कळत नाही,’ आजोबा वैतागतात. ते खरंच बोलतात. या घोळाचं मूळ आहे कानाच्या अगदी आतल्या खोलीत, आणि ती खोली पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असते.

विहिरीत बुडी मारली की काठावरच्या पोरांचा कालवा ऐकू येईनासा होतो. कारण हवेतला ध्वनी पाण्यावर आदळला की त्याची सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा माघारी फिरते. ऐकणाऱ्या पेशीही अशाच द्रवात बुडालेल्या असतात. मग आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो कसा? मधल्या कानातल्या तीन हाडांमुळे: हातोडी, ऐरण आणि रिकीब. कानाच्या पडद्याची थरथर हातोडीकडून ऐरणीकडे आणि तिथून रिकिबीकडे जाते. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. तिचा तळवा जिथे बसतो ती खिडकी पडद्याच्या सुमारे सतराव्या हिश्श्याएवढी. पसरट पडद्यावरचा जोर एवढ्याशा जागी एकवटतो, हाडांची तरफ त्यात भर घालते आणि दाब वीसेक पटींनी वाढतो. हातोडी आणि ऐरण एके काळी आपल्या दूरच्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यात होत्या!

खिडकीपलीकडे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी असते, उलगडली तर साडेतीन सेंटिमीटरची. तिच्यात एक पातळ पडदी आहे, जणू उलटी मांडलेली पेटी: टिपेचे सूर खिडकीपाशी, खर्ज पार टोकाला. या पडदीवरून धावणारी लाट जॉर्ज फॉन बेकेशी यांनी मृतांच्या कानांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. १९६१चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

या लाटेची मेंदूला खबर देण्याचं काम मुख्यतः पडदीवरच्या साडेतीन हजार ऐकणाऱ्या पेशींवर, म्हणजे केसपेशींवर असतं. कोंबडीच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात, आपल्या कानात नाही. वयाबरोबर आधी झिजतो तो खिडकीपाशीचा, टिपेचा भाग. ‘स’, ‘श’ यांची सळसळ तिथलीच. ती गेली की ‘साठ’चा ‘आठ’ होतो. ओरडल्याने ‘आ’ तेवढा मोठा होतो, ‘स’ जवळपास तिथेच राहतो.

तेव्हा आजोबांसमोर बसा, सावकाश बोला. ‘स’ म्हणताना जुळलेले दात त्यांना दिसू द्या. कानातून निसटलेलं डोळे बरंच टिपून घेतात.