झोपेतली खाज आणि सकाळचे हात

लहान मूल रात्री झोपेत ढुंगण खाजवतं, तेव्हा बऱ्याचदा कारण सुताकृमी असतात. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्याएवढी मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते. खाजवताना ती नखांत अडकतात, आणि सकाळी तसाच हात बिस्किटाला लागला की थेट पोटात. म्हणून दर आठवड्याला नखं कापावीत, आणि उठल्या उठल्या आधी हात धुवावेत, मग दूध. नुसत्या पाण्याने भागत नाही. घाण हाताच्या तेलकट थराला चिकटलेली असते, तो थर साबणानेच सुटतो. किमान 20 सेकंद चोळायला लावा. अंगठा आणि बोटांची टोकं मुलं हमखास विसरतात. सॅनिटायझरने कृमींची अंडी मरत नाहीत. जंतनाशक दिनी अंगणवाडीत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी चुकवू नये.

पण जंतांच्या धास्तीने मुलाला घरात कोंडणं, हे मला अजिबात पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार 3-4 वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून 180 मिनिटं हालचाल हवी, त्यातली 60 मिनिटं तरी धाप लागेल अशी. मोबाइल-टीव्ही जास्तीत जास्त 1 तास. शिवणापाणी, डोंगर-पाणी, लंगडी यांना पैसा लागत नाही. लंगडीत तर तोल सांभाळताना पोटऱ्या, पोट, नजर सगळंच कामाला लागतं. धाकट्यांना खुशाल दोन्ही पायांवर धावू द्यावं. पायांत चप्पल मात्र हवी, कारण अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून उघड्या तळव्यांवाटे शरीरात शिरतात.