धावा आटल्या म्हणून दंड होत नाही

बिदर-कलबुर्गी पट्ट्याला आपला म्हणता येईल असा व्यावसायिक क्रिकेट संघ म्हणजे गुलबर्गा मिस्टिक्स. मनीष पांडेच्या नेतृत्वाखाली त्याने २०२२ची महाराजा ट्रॉफी जिंकली. अशा संघातला नावाजलेला फलंदाज ओळीने तीन-चार सामने लवकर बाद झाला, की एक मागणी हमखास होते: एवढे पैसे घेतो आणि खेळत नाही, तर पैसे कापा, म्हणजे वठणीवर येईल. या मागणीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. खेळ खालावला तर उपाय निवड करणाऱ्यांच्या हातात असतो. दंड लागतो तो वागणुकीला. आयपीएलमध्ये षटकांची गती न राखणाऱ्या कर्णधाराला पहिल्याच वेळी १२ लाखांचा दंड झालेला आपण पाहिला आहे. शून्यावर बाद होण्याला मात्र दंड नाही.

मुंबईच्याच दोन खेळाडूंची उदाहरणे शेजारी ठेवली की हा फरक लख्ख दिसतो. २०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात रोहित शर्माने पाच डावांत अवघ्या ३१ धावा केल्या. कर्णधार असूनही सिडनी कसोटीत तो बाहेर बसला, पण एप्रिल २०२५च्या यादीत भारतीय क्रिकेट मंडळाचा सर्वोच्च श्रेणीचा करार त्याच्याकडे कायम होता. उलट श्रेयस अय्यरने २०२३च्या विश्वचषकात ५३० धावा कुटल्या आणि चार महिन्यांच्या आत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याचा करार गेला. मंडळाने त्याच्याबाबत कारण दिले नाही. मात्र करारांची यादी जाहीर करणाऱ्या निवेदनातच, भारताकडून खेळत नसाल तेव्हा देशांतर्गत क्रिकेटला प्राधान्य द्या, असे बजावले होते. ज्याच्या धावा आटल्या त्याची जागा गेली. ज्याच्या धावा होत होत्या त्याचा करार गेला.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये पैसा कितीतरी मोठा, पण हिशेब हाच. फिलाडेल्फियाच्या बेन सिमन्सने २०२१च्या बाद फेरीत ७३ फ्री थ्रोपैकी फक्त २५ यशस्वी केले. शहर संतापले, तरी त्यासाठी त्याच्या पगारातून एक डॉलरही कापला गेला नाही. पुढच्या हंगामात तो खेळायलाच उतरेना, तेव्हा संघाने न खेळलेल्या सामन्यांचे पैसे रोखले. त्याने मानसिक स्वास्थ्याचे कारण देत तक्रार केली आणि २०२२ मध्ये तडजोड झाली. हजेरी मोजता येते, म्हणून तिच्यावर कारवाई करता येते. तीही वादाशिवाय होत नाही. नेम चुकण्यामागे दुखापत आहे, थकवा आहे की मनावरचा ताण, हे बाहेरून कोण ठरवणार? अपयशालाच दंड लावला तर खेळाडू दुखापत लपवून मैदानात उतरेल आणि नुकसान संघाचेच होईल.

यावर रास्त आक्षेप असा, की कोणी जाणूनबुजून वाईट खेळला तर? कर्नाटकाला हा प्रश्न नवा नाही. २०१९च्या कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये सामनानिश्चितीच्या आरोपांवरून खेळाडूंना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने काहींवरील फसवणुकीचा खटला रद्द केला, पण अशा वर्तनावर शिस्तभंगाची कारवाई क्रिकेट मंडळ करू शकते, असेही म्हटले. म्हणजे इथेही प्रश्न धावसंख्येचा नाही, हेतूचा आहे. आणि हेतू पुराव्याने सिद्ध करावा लागतो, धावफलकावरून तो कळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: ताऱ्यांना सगळे माफ, शिक्षा मात्र लहान खेळाडूंना. हे घडते, आणि ते अन्यायाचे आहे. मात्र त्यावरचा इलाज खराब खेळाला दंड हा नव्हे. सरावाची हजेरी, तंदुरुस्तीची चाचणी, देशांतर्गत सामने यांचे नियम हंगामाआधी लिहून सर्वांना सारखे लावावे लागतात. अय्यरच्या बाबतीत मंडळाने पत्राने समज दिली होती, पण दहा कलमी नियमावली आली जानेवारी २०२५ मध्ये, त्याचा करार जाऊन वर्ष होत आल्यावर. हा क्रम उलटा हवा होता. दरम्यान अय्यर रणजी अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध ९५ धावा करून गेला होता, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याला करार परत मिळाला.