बंद घराची टाकी आणि वुजूचे पाणी

मे महिन्याची सुटी लागली की मुंबई, पुणे आणि आखाती देशांतली आपली माणसे कोकणातल्या गावी परततात. वर्षभर कुलूप असलेले घर उघडते, झाडलोट होते, चादरी बदलल्या जातात. पण छपरावरच्या टाकीचे झाकण उघडून कितीजण पाहतात? आम्हीही अनेक वर्षे पाहत नव्हतो. रात्री उशिरा घरी पोहोचायचे, नळ सोडायचा आणि त्याच पाण्याने वुजू करून इशाची नमाज पढायची, असाच आमचा शिरस्ता. एका वर्षी दोन दिवस सगळ्या घराने पाणी वापरल्यावर नळाची धार बारीक झाली, म्हणून वर चढलो. टाकीच्या आतल्या बाजूला बोट फिरवले तर बुळबुळीत थर हाताला आला. पाणी मात्र दिसायला अगदी स्वच्छ होते.

त्या दोन दिवसांत घरातल्या प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा तेच पाणी नाकात घेतले होते. देवाच्या कृपेने कोणाला काही झाले नाही. पण तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती घेत आलो आहोत आणि ती वाचक बंधू-भगिनींपर्यंत पोहोचवणे आम्हाला गरजेचे वाटते.

धोका पिण्यात नाही, नाकात आहे

नेग्लेरिया फाउलेरी नावाचा एक सूक्ष्म अमिबा गोड्या आणि कोमट पाण्यात वाढतो. हे पाणी प्यायल्याने हा आजार होत नाही. पण तेच पाणी नाकात वर गेले, तर हा अमिबा वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. हा आजार फार दुर्मीळ आहे, पण झाला तर वाचणारे फार थोडे.

आपल्यासाठी यात एक विशेष गोष्ट आहे. एरवी हा आजार तलावात किंवा नदीत पोहणाऱ्यांना होतो असे मानले जाते. पण कराचीत २००८ आणि २००९ या दोन वर्षांत १३ रुग्ण आढळले, आणि त्यांतले बहुतेक जण पोहायला गेलेच नव्हते. वुजू करताना नाकात घेतलेल्या नळाच्या पाण्याकडे डॉक्टरांचे लक्ष गेले. २०१२ साली अमेरिकेच्या अखत्यारीतल्या व्हर्जिन बेटांवर एक मुस्लिम गृहस्थ याच आजाराने वारले, तिथेही घरातल्या पाण्याने केलेला वुजू हेच कारण असल्याचे तपासात दिसले. आपल्या देशात केरळातही २०२४ आणि २०२५ मध्ये असे रुग्ण आढळले आणि विहिरी व टाक्यांत क्लोरीन टाकण्याची मोहीम तिथल्या सरकारला हाती घ्यावी लागली.

क्लोरीन जाते कुठे?

शहरात महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते, पण ते टिकत नाही. उष्णतेने ते उडते, उन्हाने नष्ट होते आणि टाकीतला गाळ व बुळबुळीत थर त्याला खाऊन टाकतो. पाणी रोज खेळते राहिले तर नव्या पाण्याबरोबर नवे क्लोरीन येते. साठून राहिले तर काही दिवसांत उरत नाही. गावी तर बहुतेक घरांत विहिरीचे पाणी पंपाने थेट वर चढते, म्हणजे सुरुवातच शून्यापासून. त्यात काळी टाकी आणि वैशाखाचे ऊन! अमिबाला हवे तसे कोमट पाणी आयतेच तयार होते.

घर उघडल्यावर काय करावे

१. पहिल्या दिवशी नाकासाठी उकळलेले पाणी वापरावे. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळून, झाकून थंड केलेले पाणी एका स्वच्छ लोट्यात वेगळे ठेवावे. हात, चेहरा आणि पाय नळाच्या पाण्याने धुवावेत, नाकात मात्र हेच पाणी घ्यावे. सुन्नत सुटत नाही आणि धोकाही टळतो.

२. टाकीतले जुने पाणी सोडून द्यावे. ते नारळी-पोफळीला घातले तर इस्राफही होत नाही.

३. टाकी आतून ब्रशने घासावी आणि गाळ काढावा. हे टाळून चालत नाही, कारण थराच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पोहोचत नाही.

४. टाकी भरून त्यात ब्लीचिंग पावडर, म्हणजे गावाकडची टीसीएल, टाकावी. १००० लिटरला ताज्या पावडरचे १५० ग्रॅम आणि जुन्या पावडरचे २०० ग्रॅम पुरतात. पावडर थेट टाकीत ओतू नये. प्लास्टिकच्या बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकीत घालावे. मग घरातला एकेक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करावा, म्हणजे पाइपही साफ होतात. हे पाणी २४ तास तसेच ठेवावे. या काळात ते प्यायला, वुजूला किंवा अंघोळीला घेऊ नये आणि झाडांनाही घालू नये.

५. दुसऱ्या दिवशी हे पाणी काढून टाकावे, नळ सोडून पाइप धुवावेत आणि टाकी नव्या पाण्याने भरावी.

पावडर हाताळताना तोंडाला कापड बांधावे आणि ती मुलांच्या हाती लागू देऊ नये. संडास साफ करण्याच्या ॲसिडशी तिचा संबंध येता कामा नये, त्यातून विषारी वायू तयार होतो.

रोजची मात्रा

नव्या पाण्याला रोजची मात्रा अगदी थोडी लागते, १००० लिटरला अडीच ग्रॅम पावडर. एवढे वजन घरात मोजणे कठीण, म्हणून सोपी युक्ती सांगतो. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम पावडर कालवावी. त्यातले १०० मिलिलिटर निवळ पाणी १००० लिटरच्या टाकीला आणि ५० मिलिलिटर ५०० लिटरच्या टाकीला पुरते. हे द्रावण रोज ताजे करावे.

एका तासाने पाणी तपासावे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे क्लोरोस्कोप असतो. त्यात थेंब टाकल्यावर पाणी पिवळे होते आणि रंगावरून प्रमाण कळते. एका लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे. रंग आलाच नाही तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी आणि तासाभराने पुन्हा तपासावे. पावडर मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. कोकणच्या दमट हवेत गेल्या वर्षीची उघडी पावडर म्हणजे नुसता चुना.

मशिदीचा हौद

गावच्या मशिदीत जुम्याला आणि ईदला गर्दी होते, एरवी दोन-चार नमाजी. अशा हौदाचीही गत बंद घराच्या टाकीसारखीच होते. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजून गुणावी आणि १००० ने गुणले की लिटर मिळतात. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि एक मीटर खोल पाण्याच्या हौदात ९००० लिटर पाणी, म्हणजे साडेबावीस ग्रॅम पावडर. उघड्या हौदातले क्लोरीन दिवसाच्या उन्हात टिकत नाही, म्हणून ते इशानंतर टाकावे. फजरपर्यंत पाणी तयार होते. क्लोरीनच्या वासाने वुजूबद्दल कोणाला शंका वाटली तर इमामसाहेबांना विचारून मन स्वच्छ करून घ्यावे. जमातच्या विश्वस्तांनी हे काम एका माणसाकडे नेमून द्यावे, सगळ्यांचे काम कोणाचेच नसते.

हे लक्षात ठेवा

नाकात पाणी गेल्यावर एक ते बारा दिवसांत तीव्र डोकेदुखी, ताप, उलट्या, मान ताठणे किंवा बरळणे सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. थेट मोठ्या रुग्णालयात जावे आणि "साठलेले पाणी नाकात गेले होते" हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. हा आजार दुर्मीळ असल्याने सांगितल्याशिवाय तो लक्षात येणे अवघड असते.

आणि सुटी संपवून निघताना टाकी रिकामी करावी, कोरडी होऊ द्यावी आणि झाकण घट्ट लावून टाकी दोरीने बांधावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रिकाम्या टाकीला वारा काय करू शकतो हे कोकणात वेगळे सांगायला नको.

आमच्या घरी आता किल्लीच्या जुडग्याला एक कागद अडकवलेला असतो: आधी टाकी, मग नळ. कुलूप उघडणाऱ्याने तो वाचायचा आणि पहिल्या वुजूसाठी पाणी उकळायला ठेवायचे. पाणी थंड होईपर्यंत घर झाडून होते आणि नमाजही वेळेवर होते.