थ्रॉटल सेन्सर : आधी मीटर, मग पार्ट

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात बरीच वर्षे कानावर काम चालले. कार्बुरेटरची गाडी आली की मिस्त्री आवाज ऐकून स्क्रू अर्धा आटा फिरवीत आणि इंजिन जागेवर येई. मग प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कारमध्ये कार्बुरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आले. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाल्यावर नव्या मोटारसायकली आणि स्कूटरही इंजेक्शनवर आल्या. त्यामुळे हा विषय आता मोठ्या शहरातील शोरूमपुरता राहिलेला नाही.

हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकड्याचेच पाहा. हा केळीचा टापू. येथे गाडी अडली तर शेतकऱ्याची आणि व्यापाऱ्याची खोटी होते. गावातल्या मिस्त्रीने "नांदेडला न्या" म्हटले की ते गिऱ्हाईक पुढच्या सर्व्हिसिंगलाही नांदेडलाच जाते. म्हणून लहान गॅरेजवाल्या बंधूंसाठी आम्ही आज एकाच पार्टची माहिती देत आहोत. तो पार्ट म्हणजे थ्रॉटल पोझिशन सेन्सर.

ॲक्सिलरेटर दाबल्यावर थ्रॉटल बॉडीतील झडप किती उघडली, हे हा सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो. कार्बुरेटरमध्ये अचानक रेस दिल्यावर पंप जादा पेट्रोल टाकत असे. आता तो जादा डोस कॉम्प्युटर ठरवतो आणि त्यासाठी या सेन्सरचा निरोप महत्त्वाचा असतो. निरोप चुकला तर पिकअप अडखळतो, गाडी झटके खाते, आयडल वरखाली होते किंवा सिग्नलला इंजिन बंद पडते. मात्र हीच लक्षणे घाण झालेली थ्रॉटल बॉडी, हवा ओढणारा फाटका पाइप, खराब प्लग किंवा कमजोर पेट्रोल पंप यांचीही असतात. म्हणून अंदाजाने सेन्सर बदलणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या पैशाने जुगार खेळणे होय.

तपासणीला काही शे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवावा, चावी ऑन करावी, इंजिन सुरू करू नये. साध्या सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात. एकीवर सुमारे ५ व्होल्ट यायला हवेत आणि दुसरी अर्थ असते. ५ व्होल्टच येत नसतील तर दोष सेन्सरचा समजू नये. वायरिंग आणि कनेक्टर पाहावेत. तिसरी वायर सिग्नलची. झडप बंद असताना तिच्यावर साधारण अर्धा व्होल्ट आणि पूर्ण उघडल्यावर चार ते साडेचार व्होल्ट मिळतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा.

खरी परीक्षा या दोन टोकांच्या मधली आहे. शागिर्दाला आत बसवून पेडल अगदी हळू दाबायला सांगावे. व्होल्ट सलग चढत गेले पाहिजेत. मध्येच आकडा खाली पडला किंवा उडी मारली तर आतली पट्टी झिजली आहे. गाडी बहुतेक वेळ कमी रेसवर चालते, म्हणून झीज बहुधा सुरुवातीच्या भागातच सापडते. इंजिन गरम असताना आणि सेन्सरवर हलकेच टिचकी मारूनही आकडा पाहावा. वायरीला सुई टोचू नये, तेथून पाणी शिरते. मीटरचे टोक कनेक्टरच्या मागून लावावे. १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प येथे वापरू नये, कॉम्प्युटरला धोका असतो.

आता ॲडजस्टमेंट. सेन्सरच्या स्क्रूंची भोके लांबट असतील तरच तो फिरवता येतो. स्क्रू ढिले करून झडप बंद असताना पुस्तकातला आकडा मीटरवर आणावा, स्क्रू कसावेत आणि पुन्हा मोजावे, कारण कसताना सेन्सर थोडा सरकतो. भोके गोल असतील तर तो सेन्सर फिरवण्याचा नव्हे, खराब निघाला तर बदलण्याचा. झडपेचा स्टॉप स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. आयडल वाढवण्यासाठी तो फिरवला तर सेन्सरचा मूळ आकडाच बिघडतो.

ज्या गाड्यांत केबल नसून झडप मोटारीने फिरते, तेथे जादा खबरदारी हवी. अशा ठिकाणी एकाऐवजी दोन सिग्नल असतात आणि दोन्ही तपासावे लागतात. चावी ऑन असताना झडपेत बोट घालू नये, ती एकदम मिटू शकते. थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर किंवा बदलल्यावर अनेक मॉडेलांत कॉम्प्युटरला आयडल पुन्हा शिकवावे लागते.

स्कॅनर असेल तर पी ०१२० ते पी ०१२४ हे कोड याच सर्किटकडे बोट दाखवतात. पण कोड फक्त सर्किट सांगतो. दोष वायरीत आहे की सेन्सरमध्ये, हे मीटरच ठरवते.

शेवटी धंद्याची गोष्ट. बिलावर मोजलेले व्होल्ट लिहून द्यावेत आणि तपासणीची मजुरी वेगळी लावावी. पार्ट बदलला नाही तरी मजुरी मागण्यात संकोच करू नये, कारण गिऱ्हाइकाचा नको तो खर्च आपण वाचवलेला असतो. कानाची कमाई वाया गेलेली नाही. पिकअप कोठे अडखळतो हे जुन्या मिस्त्रीला आजही आधी कळते. त्या कानाला मीटरची साक्ष जोडली की डोंगरकड्याची गाडी डोंगरकड्यातच दुरुस्त होईल.